लेट्रोझोल-पाल्बोसिक्लिबची जोडगोळी : पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरचा उपचार मराठवाड्यातून घेताना

बालाघाट (मूळ धागा)

स्तनाच्या कॅन्सरवरच्या जुन्या धाग्यांत ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) यांवर भरपूर लिहिलंय. पसरलेल्या आणि हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरच्या गोळ्यांवर मात्र दोन-चार ओळींपलीकडे काही सापडत नाही, आणि आता या प्रकारात बऱ्याच बायांची सुरुवात गोळ्यांनीच होते. म्हणून हा वेगळा धागा. माझी बाजू औषधांची, म्हणजे फार्मसीची. डॉक्टर, सिस्टर, लॅबवाले इथे आहेतच, त्यांनी चुका काढाव्यात.

कोणाबद्दल बोलतोय ते आधी. बायोप्सीत ईआर किंवा पीआर (पेशीवरचे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे ग्राहक) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) निगेटिव्ह, आणि आजार हाडं, फुफ्फुस, यकृत किंवा दूरच्या गाठींपर्यंत पोचलेला. हा आजार मुळासकट निघेल असं सांगून उपचार सुरू करत नाहीत. जितकी वर्षं दबेल तितकी दाबून ठेवायचा.

दोन औषधं का? या पेशी इस्ट्रोजेनवर पोसतात. लेट्रोझोल (२.५ मिग्रॅ, रोज एक) शरीरात इस्ट्रोजेन तयार होणं जवळजवळ थांबवतं. पण काही काळाने पेशी उपाशीपोटी वाढायला शिकतात. पेशीला दुभागण्याआधी एक वेस ओलांडावी लागते, ती उघडणारी प्रथिनं म्हणजे सीडीके-४ आणि सीडीके-६. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही वेस धरून ठेवतात. एकाने रसद तोडायची, दुसऱ्याने वेस लावून घ्यायची.

फरक किती पडतो? पॅलोमा-२ चाचणीत एकट्या लेट्रोझोलवर आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ १४.५ महिने होता, पाल्बोसिक्लिब जोडल्यावर २४.८. रायबोसिक्लिबच्या मोनालिसा-२ मध्ये १६ विरुद्ध २५.३, अबेमासिक्लिबच्या मोनार्क-३ मध्ये १४.८ विरुद्ध २८.२. मध्यक म्हणजे निम्म्या बायांचा आजार त्याआधी वाढला आणि निम्म्यांचा त्यानंतर. "गोळी दोन वर्षं चालते" असं कोणी सांगत असेल तर तो याच आकड्याचा चुकीचा अर्थ आहे.

डोस:
पाल्बोसिक्लिब १२५ मिग्रॅ रोज एक, २१ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. कॅप्सूल असेल तर जेवणासोबतच. गोळी असेल तर जेवणाचं बंधन नाही. पाकिटावर काय लिहिलंय ते बघा, दोन्ही मिळतात.
रायबोसिक्लिब २०० मिग्रॅच्या ३ गोळ्या एकदम, तेही २१ दिवस आणि ७ दिवस सुट्टी.
अबेमासिक्लिब १५० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, सुट्टी नाही.

सिंदफणा

धागा लई कामाचा. आमच्या भागात एक घोळ कायम व्हायला लागलाय, तो इथं टाकते. सात दिवसांची सुट्टी म्हणलं की बाया दोन्ही गोळ्या बंद करायल्यात. सुट्टी फक्त पाल्बोला असते ना?

बालाघाट

बरोबर, ताई. लेट्रोझोलला सुट्टी नाही, २८ चे २८ दिवस. घोळ होतो कारण चिठ्ठीवर दोन्ही औषधं एकाखाली एक असतात आणि "२१ दिवस" ही सूचना दोन्हींना लागू आहे असं वाटतं. साधा उपाय म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. पाल्बोचे २१ दिवस लाल पेनाने गोल करायचे, सुट्टीचे ७ दिवस रिकामे, पुढचा "पहिला दिवस" आणि रक्त तपासणीची तारीख वर ठळक लिहायची. लेट्रोझोलची गोळी रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधायची, रात्रीच्या जेवणाला म्हणा. वाचता न येणारीलाही लाल गोल कळतात.

गोळी विसरली किंवा घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी दुसरी घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीइतकीच. कॅप्सूल उघडून दुधात टाकणं, गोळी कुटणं, हेही नाही.

गोदाकाठ

लॅबकडून थोडं. सगळा उपचार ज्या कागदावर उभा आहे तो आयएचसीचा (तुकड्याला रंग देऊन ईआर, पीआर, हर-टू बघण्याचा) रिपोर्ट लोक फाईलच्या तळाशी ठेवतात आणि सीटी स्कॅनची मोठी पाकिटं वर.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा. ईआर किती टक्के, पीआर किती टक्के, हर-टूला काय आकडा. ईआर १ ते १० टक्के असेल तर त्याला "लो पॉझिटिव्ह" म्हणतात, आणि अशा गाठी पुष्कळदा हार्मोनच्या गोळ्यांना नीट दाद देत नाहीत. हर-टू ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह (मग हा धागा तुमच्यासाठी नाही, उपचार वेगळा), आणि २+ म्हणजे निकाल लागलेला नाही. २+ वर फिश नावाची पुढची तपासणी लागते. २+ ला निगेटिव्ह धरून गोळ्या चालू करणं ही चूक घडते.

दुसरी चूक तुकडा काढतानाच होते. तो १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास राहायला हवा. सलाईनमध्ये टाकून पाठवला किंवा लहानशा बाटलीत मोठा तुकडा कोंबला की आतला भाग सडतो आणि ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. शनिवारी काढलेला तुकडा सणाची सुट्टी धरून बुधवारी लॅबला पोचला तर तीच गत. पाठवताना बाटलीवर तुकडा काढल्याची तारीख आणि वेळ लिहायला सांगा.

आणि मेणाचा ब्लॉक सांभाळा. पुढे पिक3सीए या जनुकासारख्या तपासण्या त्यावरच होतात. लॅबकडून ब्लॉक घेतला तर उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेण आहे ते, मे महिन्यात आपल्याकडे काय होतं सांगायला नको.

हिमरू

मी मेडिकल ऑन्कॉलॉजीतला, म्हणजे कॅन्सरच्या औषधांचा डॉक्टर. वरचं सगळं बरोबर आहे, पण मराठवाड्यात सर्वांत महागात पडणारी चूक अजून कोणी लिहिली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन ही औषधं अंडाशय बंद पडलेल्या बाईसाठी आहेत. अंडाशय चालू असताना लेट्रोझोल दिलं तर इस्ट्रोजेन तात्पुरतं घटतं, मेंदूला ते कळतं, तो जास्त एफएसएच (अंडाशयाला कामाला लावणारं हार्मोन) पाठवतो आणि अंडाशय उलट जोमाने कामाला लागतं. याच गुणामुळे हे औषध मूल होण्यासाठी बीज तयार करायला वापरतात. म्हणजे कॅन्सर उपाशी ठेवायला गेलो आणि त्याला पंगत वाढली.

आता आपल्याकडची अडचण. डॉक्टर विचारतात, "पाळी येते का?" बाई म्हणते, "नाही, पिशवी काढलीय." कागदावर लिहिलं जातं, पाळी गेलेली. पण पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशय आत शाबूत असू शकतं, एक किंवा दोन्ही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. तिशी-पस्तिशीत पिशवी गेलेल्या अशा बाया पुढे कधी स्तनाचा कॅन्सर घेऊन आल्या तर पाळी नसणं हा पुरावा होत नाही.

काय करायचं:
पिशवीच्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद शोधा. त्यात दोन्ही अंडाशयं काढल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. "टीएएच" एवढंच असेल तर फक्त पिशवी. "बीएसओ" जोडलेलं असेल तर दोन्ही अंडाशयंही.
कागद नसेल तर सोनोग्राफी, आणि रक्तातलं एफएसएच व इस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन).
साठीच्या आत असेल आणि शंका असेल तर अंडाशय चालू आहे असंच धरायचं.
केमोमुळे थांबलेली पाळी म्हणजे गेलेली पाळी नव्हे, ती परत येऊ शकते.

अंडाशय चालू असेल तर ते बंद करायचं. गोसेरेलिन ३.६ मिग्रॅ पोटाच्या कातडीखाली दर २८ दिवसांनी, किंवा ल्युप्रोलाइड ३.७५ मिग्रॅ, किंवा दुर्बिणीने दोन्ही अंडाशयं काढून टाकणं. दर २८ दिवसांनी तालुक्याहून येणं ज्यांना जमणार नाही आणि ज्यांना आणखी मूल नको आहे, त्यांच्यासाठी ऑपरेशन हा माझ्या मते प्रामाणिक पर्याय आहे. एकदाच होतं, इंजेक्शन चुकण्याचा धोका संपतो. उद्या चुकणारं इंजेक्शन हे औषध न देण्यासारखंच.

सिंदफणा

डॉक्टर, हे "पिशवी" प्रकरण मी आमच्या आशाताईंच्या गटात टाकू का? इथं निम्म्या फायलींत नुसतं "पाळी बंद" लिहिलेलं असतं.

हिमरू

जरूर टाका. एक भर घाला : एक्झेमेस्टेन किंवा फुल्व्हेस्ट्रँट चालू असताना साध्या मशीनवर काढलेलं इस्ट्रॅडिऑल खोटं जास्त दिसू शकतं, कारण तपासणी त्या औषधालाच इस्ट्रोजेन समजते. म्हणून शक्यतो औषध सुरू होण्याआधीच रक्त काढून ठेवा.

कोयता_कारखाना

काउंटबद्दल कोणीतरी नीट लिहा. पांढऱ्या पेशी २४०० आल्या की गावातला डॉक्टर गोळ्या बंद करतो, वर काउंट वाढवायचं इंजेक्शन देतो. हे योग्य की अयोग्य?

हिमरू

बहुतेक वेळा अयोग्य. इथे एकूण पांढऱ्या पेशींवर निर्णय होत नाही, न्यूट्रोफिलवर (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) होतो. गणित साधं आहे : एकूण पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००. रिपोर्ट २४००, न्यूट्रोफिल ३८ टक्के. म्हणजे ९१२. हा आकडा एएनसी.

पाल्बोसाठी ढोबळ नियम असा :
पहिल्या आणि दुसऱ्या महिन्यात सुरुवातीला, तसंच १४-१५ व्या दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी). पुढे दर महिन्याला सायकल (२१ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी, मिळून २८ दिवस) सुरू करण्याआधी. सहा महिने काउंट फार खाली गेला नाही तर पुढे दर तीन महिन्यांनी.
नव्या सायकलच्या पहिल्या दिवशी एएनसी १००० किंवा जास्त, प्लेटलेट ५० हजारांच्या वर : सुरू करा.
पहिल्या दिवशी ५०० ते १००० : थांबा, आठवडाभरात पुन्हा तपासा, १००० झाला की त्याच डोसने सुरू. परत परत असं होत असेल तर डोस १०० वर, मग ७५ वर.
१५ व्या दिवशी ५०० ते १००० आणि ताप नाही : गोळ्या चालू ठेवा, २१ दिवस पूर्ण करा, २२ व्या दिवशी पुन्हा सीबीसी.
५०० च्या खाली कधीही : बंद, वर आल्यावर एक पायरी कमी.
१००० च्या खाली आणि ताप ३८.५ किंवा संसर्ग : बंद, थेट दवाखाना, पुढे डोस कमी.

म्हणजे वरचा ९१२ पंधराव्या दिवशी आला तर गोळी बंद करायचं कारण नाही. तोच ९१२ नव्या सायकलच्या पहिल्या दिवशी आला तर आठवडा थांबायचं. आकडा एकच, दिवस वेगळा, निर्णय वेगळा. म्हणूनच रिपोर्टवर "सायकलचा कितवा दिवस" हे हाताने लिहा.

केमोत काउंट पडतो आणि इथे पडतो यात फरक आहे. केमो मज्जेतल्या पेशी मारते. पाल्बो त्यांना नुसतं थांबवून ठेवतं, गोळी थांबली की आठवड्याभरात त्या परत कामाला लागतात. पॅलोमा-२ मध्ये १०० पैकी ६६ बायांचा काउंट गंभीर पातळीपर्यंत उतरला, पण त्यासोबत ताप येण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहिलं. म्हणून काउंट वाढवायची इंजेक्शनं सहसा लागत नाहीत.

कोयता_कारखाना

आणि ऊसतोडीला गेल्यावर? दिवाळीनंतर टोळी जाते ती मार्च-एप्रिलला परतते.

बालाघाट

सीबीसी कोणत्याही गावात होतं. कारखान्याजवळच्या तालुक्यात लॅब असतेच. तारखा जाण्याआधी कॅलेंडरवरून कागदावर उतरवून द्यायच्या आणि रिपोर्टचा फोटो उपचार करणाऱ्या केंद्राकडे पाठवायचा. फोटोत टक्केवारीचा रकाना यायला हवा. अर्धा फोटो येतो, त्यात एकूण पेशी असतात आणि न्यूट्रोफिल कापलेले, मग गणितच होत नाही.

गोळ्या कोपीत ठेवायच्या तर चुलीपासून लांब, पत्र्याला टेकवून नाही, झाकणाच्या डब्यात. मुलांच्या हाती लागू नयेत आणि घरातल्या गरोदर बाईने फुटलेली कॅप्सूल हाताळू नये.

मांजरा_सिस्टर

फुल्व्हेस्ट्रँटबद्दल मी लिहिते. लेट्रोझोलवर असताना आजार वाढला किंवा ऑपरेशननंतरच्या गोळ्या चालू असतानाच आजार परतला तर पाल्बो किंवा इतर औषधासोबत हे देतात.

डोस ५०० मिग्रॅ. २५० मिग्रॅच्या, ५ मिलीच्या दोन भरलेल्या सिरिंज, एकेक कुल्ल्यात एकेक. पहिला दिवस, १५ वा, २९ वा, मग महिन्याला एकदा. पहिल्या महिन्यातली मधली खेप लोक टाळतात, "एक तर घेतलंय" म्हणून. ती टाळू नये, रक्तातली पातळी लवकर चढावी म्हणूनच ती आहे.

औषध एरंडेल तेलातलं, काकवीसारखं घट्ट. फ्रीजमधून काढून लगेच टोचलं तर दाबताना हात दुखतो आणि बाईला जास्त त्रास. थोडा वेळ बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. एका सिरिंजला १ ते २ मिनिटं, घड्याळ बघून. घाई केली की गाठ राहते. जागा कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग, कारण आतल्या-खालच्या भागातून सायटिक शीर जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचण्याआधी सांगा. एवढ्या खोल इंजेक्शनने रक्त साकळू शकतं.

२ ते ८ अंशात ठेवायचं. शहरातून विकत घेऊन एसटीने नेत असाल तर थर्मासचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या. पण सिरिंज बर्फाला थेट टेकवू नका, गोठलं तर ते टाकूनच द्यावं लागतं. गावात लाइट सहा-सहा तास जाते, तेव्हा तिथल्या फ्रीजच्या भरवशावर महिनाभर आधी आणून ठेवणं धोक्याचं. जिथे टोचून घ्यायचं तिथेच, त्याच दिवशी घ्या.

दौलताबादी

पाल्बो, रायबो, अबेमासिक्लिब या तिन्हीत चांगलं कोणतं, हे सगळे विचारतात आणि सगळे टाळतात. हिमरू, सांगून टाका.

हिमरू

एका वाक्यात सांगता येत असतं तर टाळलं नसतं.

आयुष्य वाढण्याचा भक्कम पुरावा पहिल्या फळीत, म्हणजे अगदी सुरुवातीच्या उपचारात, रायबोसिक्लिबकडे आहे. मोनालिसा-२ मध्ये मध्यक आयुर्मान ६३.९ महिने, एकट्या लेट्रोझोलवर ५१.४. पाल्बोच्या पॅलोमा-२ मध्ये ५३.९ आणि ५१.२, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. फक्त या ओळी वाचल्या तर सगळ्यांना रायबो द्यावं असं वाटेल. पण रायबोला ईसीजी लागतो : सुरू करण्याआधी, १४ व्या दिवशी आणि पुढे गरजेप्रमाणे. सुरुवातीला क्यूटीसी (ईसीजीतलं एक माप, फार वाढलं तर ठोके बिघडू शकतात) ४५० मिलीसेकंदांच्या आत हवा, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम नीट हवं, पहिले दोन महिने दर १५ दिवसांनी यकृताच्या तपासण्या. हृदयाची तक्रार असलेली, पाच-सहा गोळ्या आधीच खाणारी सत्तरीची आजी असेल आणि ईसीजी काढायला चाळीस किलोमीटर जावं लागत असेल तर तिला पाल्बो सोपं पडतं. अबेमासिक्लिबमध्ये काउंट कमी पडतो, पण जुलाब होतात.

पाळी चालू असलेल्या तरुण बाईत यकृत किंवा फुफ्फुस वेगाने बिघडत असलं की पूर्वी डोळे झाकून केमो देत. राइट चॉइस चाचणीत अशाच बायांना रायबो, लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल आणि गोसेरेलिन दिलं तर आजार २१.८ महिने आटोक्यात राहिला, दोन औषधांच्या केमोवर १२.८. "गोळ्या म्हणजे सौम्य, केमो म्हणजे जोरदार" हा समज सोडायला हवा.

दौलताबादी

आणि पैसे नसतील तर? सगळं ऐकून घ्यायचं आणि घरी जायचं?

बालाघाट

नाही. भारतातलं पाल्बोचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, त्यानंतर अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि भाव खूप उतरले. छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत मोठी तफावत असते, म्हणून तीन ठिकाणी विचारा : दवाखान्याची फार्मसी, अमृत फार्मसी, शहरातला कॅन्सरच्या औषधांचा घाऊक विक्रेता. पक्कं बिल आणि बॅच नंबर घ्या. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारी कॅन्सरची गोळी नकोच.

हिमरू

यात भर. नेदरलँड्समध्ये सोनिया नावाची चाचणी झाली, १०५० बाया. निम्म्यांना पाल्बो-रायबो-अबेमासिक्लिब यांपैकी एक गोळी सुरुवातीलाच, निम्म्यांना आधी नुसतं लेट्रोझोलसारखं औषध आणि आजार वाढल्यावर फुल्व्हेस्ट्रँटसोबत ही गोळी. दोन्ही टप्पे मिळून आजार ताब्यात राहिल्याचा काळ ३१ महिने आणि २६.८ महिने, फरक संख्याशास्त्राने सिद्ध झाला नाही. त्यात बहुतेकींना पाल्बो होतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे आजार हाडांपुरता आहे, सावकाश आहे, पैसे उद्या जमणार आहेत, अशा वेळी आज नुसतं लेट्रोझोल सुरू करणं हा गुन्हा नाही. ते जनऔषधी केंद्रातही मिळतं. चार महिने महागडी गोळी आणि मग पैसे संपले म्हणून सगळंच बंद, हे मात्र वाईट.

मांजरा_सिस्टर

अबेमासिक्लिबचे जुलाब साधारण पहिल्या आठवड्यातच सुरू होतात, म्हणून गोळी देतानाच लोपेरामाइड आणि ओआरएस हातात द्यावं. पहिली पातळ शौच झाली की लोपेरामाइडच्या २ मिग्रॅच्या दोन गोळ्या, मग दर पातळ शौचेनंतर एक, दिवसाला १६ मिग्रॅच्या वर नाही. २४ तासांत थांबले नाहीत तर अबेमासिक्लिब थांबवून फोन. एप्रिल-मे मध्ये ४२ अंशात जुलाब अंगावर काढले तर किडनीवर येतं.

क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्त तपासणीतला आकडा) घोळही इथेच होतो. या औषधाने क्रिएटिनिन ०.२-०.३ ने वाढतं, कारण ते लघवीवाटे टाकायची वाट अडते. किडनी खराब झालेली नसते. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी रक्त तपासणी करतात. नुसता क्रिएटिनिन बघून औषध बंद करू नये, आणि जुलाब चालू असताना "हे तर औषधाचंच" म्हणून दुर्लक्षही करू नये.

जालना_बागायतदार

फळांचं विचारतो. कागदावर "ग्रेपफ्रूट टाळा" लिहिलंय. इथं लोक त्याला मोसंबी समजून मोसंबीच बंद करायलेत. मोसंबीच्या गावात आजारी माणसाला मोसंबी नाही!

बालाघाट

मोसंबी चालते. ग्रेपफ्रूट वेगळं फळ, आपल्याकडचं त्याचं भावंड म्हणजे पपनस. ते टाळा. आपली मोसंबी ही गोड संत्र्याचीच जात आहे. जालन्याच्या मोसंबीचं भौगोलिक मानांकनही "स्वीट ऑरेंज" याच नावाने आहे. डाळिंबाचं म्हणाल तर रायबोसिक्लिबच्या सुरुवातीच्या माहितीपत्रकात टाळायच्या यादीत त्याचं नाव होतं. रायबो चालू असेल तर पेलाभर रस रोज नको, एवढं पाळलं तरी पुरे.

ग्रेपफ्रूट का नको, तर ही औषधं यकृतातल्या सीवायपी-३ए४ या विकरावर मोडतात. ते अडलं की औषध रक्तात साचतं, ते जोरात चाललं की औषध लवकर संपतं. यात फळांपेक्षा गोळ्यांचा धोका मोठा :
क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल औषध साचवतात. गजकर्णासाठी सर्रास मिळणारं इट्राकोनाझोल इथे मोडतं. त्वचेच्या डॉक्टरला कॅन्सरच्या गोळीबद्दल सांगाच.
रिफाम्पिसिन उलटं. टीबीचा उपचार चालू असताना पाल्बो गिळणं म्हणजे पैसे पाण्यात. फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनचंही तेच.
अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी पाल्बोच्या कॅप्सूलचं शोषण कमी करते, उपाशीपोटी जास्त. म्हणून कॅप्सूल जेवणासोबतच.
रायबोसोबत ओन्डान्सेट्रॉन, डोम्पेरिडोन, अझिथ्रोमायसिन ही क्यूटी वाढवणारी औषधं डॉक्टरला न विचारता नकोत. टॅमॉक्सिफेनही रायबोसोबत देत नाहीत.

काढे-चूर्णांवर भांडण लावत नाही. गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्या नोंदी भारतातूनच झालेल्या आहेत. यकृताचे आकडे वाढले की गोळी दोषी की काढा, हे कोणालाच कळत नाही आणि बंद होते ती गोळी.

मांजरा_सिस्टर

हाडांचं राहिलं. आजार हाडांत असेल तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ४ मिग्रॅ सलाईनमधून, निदान १५ मिनिटं, दर ४ किंवा १२ आठवड्यांनी. आधी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि दात. मिश्री आणि गुटख्याने हललेले, किडलेले दात सुरुवातीआधीच काढून जखम भरू द्यायची. इंजेक्शनं सुरू झाल्यावर दात उपटला तर जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन् महिने भरत नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सोबत.

पायांत एकदम कमजोरी, लघवी अडणं, पाठीत उठू न देणारी कळ : मणका दबतोय. ही रात्रीच निघायची वेळ, ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही.

सिंदफणा

आजार वाढला की पुढं काय, थोडक्यात?

हिमरू

थोडक्यातच, कारण हा वेगळ्या धाग्याचा विषय. ब्लॉकवर किंवा रक्तावर जनुकं बघतात. पिक3सीए बदललेलं असेल तर अल्पेलिसिब आणि फुल्व्हेस्ट्रँट, पण साखर भडकते, मधुमेहींना जपून. ईएसआर१ बदललेलं असेल तर एलासेस्ट्रँट. काहीच नसेल किंवा तपासणी परवडत नसेल तर एव्हरोलिमस १० मिग्रॅ आणि एक्झेमेस्टेन. एव्हरोलिमसने तोंड येतं. डेक्सामेथासोनच्या पातळ द्रावाने दिवसातून चारदा दोन-दोन मिनिटं चूळ पहिल्या दिवसापासून भरली तर बराच फरक पडतो. हर-टू १+ किंवा फिश निगेटिव्ह २+ असलेल्यांना पुढे ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकन हा पर्याय आहे. म्हणून गोदाकाठ म्हणतात तो जुना रिपोर्ट फेकू नका, "निगेटिव्ह" या एका शब्दात ० आणि १+ दोन्ही लपतात.

दौलताबादी

योजना आणि प्रवासाचं मी टाकतो. जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण प्रत्येक गोळी पॅकेजमध्ये असेलच असं नाही, म्हणून आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) "कॅन्सर योजनेत बसतो का" असं विचारू नका. औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी दाखवा आणि "हे औषध बसतं का" विचारा. छत्रपती संभाजीनगरला आमखासजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. लातूर-धाराशिवकडच्या बऱ्याच जणांना बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं. मुंबईला जायचंच असेल तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्या.

सिंदफणा

शेवटचं एक. लेट्रोझोलची पट्टी दहाची, सायकल २८ दिवसांची. तीन पट्ट्या घेतल्या की दोन गोळ्या उरतात, मग बाया त्या संपेपर्यंत नवी पाल्बो चालू करत नाहीत.

बालाघाट

हे सुचलंच नव्हतं. लेट्रोझोलच्या उरलेल्या गोळ्या पुढच्या पट्टीत मिसळतात, तिला सुरुवात-शेवट नाही. पाल्बोचा पहिला दिवस कॅलेंडरवरच्या तारखेने ठरतो, पट्टीने नाही. मूळ धाग्यात ही ओळ घालतो.